घरी सीफूड बॉईल करताना कोळंबीत मसाला मुरवायचा कसा

रील्सवर सध्या जो तो ग्लोव्ज घालून बटरने माखलेली कोळंबी फोडत बसलाय, आणि ते बघून ठाण्या-नवी मुंबईतल्या कितीतरी घरांत रविवारचा सीफूड बॉईलचा, म्हणजे कोळंबी, मका, बटाटे एकाच टोपात मसाल्याच्या पाण्यात उकळून बटरमध्ये घोळवायचा, बेत ठरतो, चांगली मोठी कोळंबी येते, मका येतो, बटाटे येतात, महागाचं बटर येतं, आणि एवढं करून तोंडात काय येतं तर बाहेरून जाळ आणि आतून फिक्की कोळंबी. मसाला सगळा सालावर, साल जातं डस्टबिनमध्ये, आणि बोटं चाटून समाधान मानायचं. मग लोक म्हणतात पुढच्या वेळी मसाला डबल टाकू. डबल टाकून काही होत नाही हो, तो कुठे आणि कधी टाकायचा तेच चुकतंय.

थोडक्यात सांगतो, मग पुढे सविस्तर आहेच. मीठ पाण्यातून द्यायचं, तिखट आणि लसूण बटरमधून द्यायचं, आणि मुरायला वेळ गॅस बंद केल्यानंतर द्यायचा.

मसाला आत का जात नाही

कोळंबी म्हटली की आपला हात आपोआप हळद, मीठ, लिंबू आणि तिखटाच्या डब्याकडे जातो. सोलायची, चोळायची, अर्धा तास ठेवायची आणि रव्यात घोळवून तव्यावर. तळायला हे एकदम बरोबर आहे कारण लावलेला मसाला तिच्या अंगावरच भाजला जातो. बॉईलमध्ये कोळंबी सालासकट असते आणि ती चार लिटर उकळत्या पाण्यात पडते, म्हणजे चोळलेलं सगळं पहिल्या मिनिटाला धुऊन निघालं. वर लिंबू जास्त वेळ लावून ठेवलं तर आंबटाने बाहेरचा थर आधीच घट्ट होतो आणि शिजल्यावर ती चामट लागते, ते वेगळंच.

दुसरी अडचण वेळेची. मटण तासभर शिजतं, त्याला मसाला घ्यायला वेळ मिळतो. मोठी कोळंबी दोन-तीन मिनिटांत शिजते, आणि अजून मसाला जाऊदे म्हणून उकळत ठेवली की रबर. आणि खरं सांगायचं तर मांसाच्या आत नीट शिरतं ते मीठच, बाकी लवंग-मिरी-धन्याचा वास बराचसा बाहेरच राहतो. मिरचीचा तिखटपणा ज्या कॅप्सायसिनमुळे असतो ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, तेला-तुपात विरघळतं. काश्मिरी मिरचीचा लाल रंगही तसाच, आपल्या रश्श्यावरची लाल तर्री आठवा. म्हणून पाण्यात मूठभर तिखट ओतून कोळंबी तिखट होईल ही आशा सोडा, ठसका मात्र सगळ्या मजल्याला लागेल.

हा प्रकार जिथला आहे त्या अमेरिकेतही यावर सगळ्यांचं एकमत नाहीये. मेरीलँडमध्ये खेकडे वाफवतात आणि मसाला थेट कवचावर थापतात, तिथला ओल्ड बे नावाचा पिवळ्या डब्यातला मसाला गुस्ताव ब्रून या जर्मनीतून आलेल्या ज्यू निर्वासिताने १९३९ मध्ये बाल्टिमोरला सुरू केला. लुईझियानाची तऱ्हा उलटी, तिथे मोठ्या पिंपात पाणीच जबरदस्त खारट-तिखट करतात, क्रॉफिश (गोड्या पाण्यातली, छोट्या लॉब्स्टरसारखी) थोडाच वेळ उकळतात आणि मग गॅस बंद करून त्याच पाण्यात भिजत ठेवतात. बटाटा, मका, सॉसेज आणि कोळंबी हे आपल्या टोपातलं सामान साउथ कॅरोलिनाच्या लोकंट्री बॉईलचं. आणि रील्सवर दिसतं ते बटर-लसणात घोळवलेलं प्रकरण ह्यूस्टनकडच्या व्हिएतनामी लोकांचं, १९७५ ला व्हिएतनाम युद्ध संपल्यावर जे निर्वासित मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावर वसले त्यांच्या हॉटेलांतून ते पसरलं. मी लुईझियानाचं भिजवणं आणि ह्यूस्टनचं बटर असं दोन्ही घेतो. मेरीलँडचा थापायचा मसाला शेवटी चिमूटभर, वरून.

कोळंबी कुठली आणि कशी घ्यायची

चार माणसांना एक किलो, डोक्यासकट. डोकी आणि सालं गेल्यावर हातात साधारण निम्मीच उरते, त्यामुळे अर्धा किलोत भागेल असं वाटत असेल तर भागणार नाही. किलोला ३० ते ४० बसतील इतकी मोठी बघा. टायगर मिळाली तर छान, पांढरी चालेल, तळ्यातली वन्नामेई पण चालेल आणि तीच सगळीकडे सहज मिळते. करंदी किंवा बारीक कोळंबीच्या नादाला लागू नका, ती शिजून भिजेपर्यंत तिचा भुगा होतो, तिचं सुकं करा किंवा भजी करा.

नवी मुंबईत असाल तर बेलापूरचं दिवाळे गाव, ठाण्यात असाल तर चेंदणी कोळीवाडा किंवा स्टेशनकडचा बाजार, नाहीतर तुमची नेहमीची कोळीण असेल तर सगळ्यात उत्तम कारण ती दुसऱ्या रविवारीही तुम्हाला तोंड दाखवणार असते. एक गोष्ट मात्र तोलायच्या आधी सांगा, सोलू नका म्हणून. नाहीतर पैसे काढेपर्यंत त्यांच्या हाताने अर्धा वाटा सोलून झालेला असतो. आमच्या मावशींना दर वेळी आश्चर्य वाटतं, "अख्खीच नेताय? मंग साफ कोन करनार, दादा?" मीच करणार म्हटलं की बाजूच्या मावशी पण हसतात.

बघून काय घ्यायचं तर साल अंगाला घट्ट बसलेलं, दाबली तर टणक, डोकं धडाला नीट चिकटलेलं. डोकं लोंबायला लागलंय, मानेपाशी काळं पडलंय, साल सुटून बुळबुळीत झालंय किंवा नाकाला अमोनियासारखा उग्र वास येतोय तर पुढच्या पाटीकडे चला. बर्फावर ठेवलेली बघा, नुसती वर बर्फाचे दोन खडे फेकलेली नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा बाजारात तळ्यातली किंवा फ्रोझनच जास्त दिसते आणि भावही चढलेले असतात. फ्रोझन घ्यायला काहीच हरकत नाही पण सालासकटची बघा. पाकिटावर घटक वाचा, त्यात मीठ आणि फॉस्फेट लिहिलं असेल तर ती आधीच पाणी आणि मीठ पिऊन बसलेली आहे, मग पाण्यातलं मीठ थोडं कमी करा. रात्रभर फ्रीजमध्ये वितळवा, घाई असेल तर पाकीट बंद ठेवून गार पाण्यात. गरम पाण्यात नाही.

साफ करताना साल ठेवायचं, पण पाठ उघडायची

सगळ्या कृतीत कंटाळवाणं काम हेच आणि चव पण इथेच ठरते. साल काढलंत तर कोळंबी पटकन जास्त शिजते आणि चोथा होते, साल जसंच्या तसं बंद ठेवलंत तर मसाला बाहेर. म्हणून मधला रस्ता.

स्वयंपाकाची टोकदार कात्री घ्या. आधी डोक्यावरचा काट्यासारखा टोकदार भाग आणि मिश्या कापा, तो काटा खाताना बोटात घुसतो. मग डोकं जिथे संपतं तिथून पाठीवर कात्रीचं एक टोक सालाखाली सरकवा आणि शेपटीच्या एक पेर आधीपर्यंत सरळ कापत जा. साल चिरलं जातं आणि खाली मांसावरही उथळ खाच पडते, तेवढीच हवी, खोल कापलीत तर शिजताना ती पुस्तकासारखी उघडून पडते. खाचेतून काळा दोरा टूथपिकने वर उचला, हळूच ओढला तर अख्खा येतो. साल तसंच राहू द्या.

डोकी ठेवायची का? कोळंबी त्याच दिवशीची ताजी असेल तर नक्की ठेवा, डोक्यातला तो केशरी ऐवज पाण्यात आणि बटरमध्ये उतरतो आणि त्याची चव कुठल्याही पाकिटात मिळत नाही. शिळी वाटत असेल किंवा फ्रीजमध्ये एक रात्र काढलेली असेल तर डोकी काढा, त्यातल्या पाचक रसाने मानेकडचं मांस पिठूळ होत जातं. पाहुण्यांत कोणी डोकं बघून नाक मुरडणारं असेल तर तो प्रश्न तुमच्या घरचा.

साफ झाली की एकदा गार पाण्यातून काढा, चाळणीत निथळा आणि फ्रीजमध्ये ठेवा. हळद नाही, मीठ नाही, लिंबू नाही. आईला किंवा सासूबाईंना हे बघवणार नाही, त्यांना मका सोलायला द्या.

पाणी: मीठ मोजून, मसाला पोटलीत

आठ-दहा लिटरचा टोप हवा. घरी नसेल तर शेजारी मागा, दिवाळीत चिवड्याचे पोहे भाजायला ज्यांच्याकडून आणता त्यांच्याकडे असतो. त्यात ४ लिटर पाणी आणि १०० ग्रॅम मीठ, म्हणजे लिटरला २५ ग्रॅम. हा आकडा बघून घाबरायला होतं पण समुद्राचं पाणी लिटरला साधारण ३५ ग्रॅम खारट असतं, आपण त्याच्या खालीच आहोत आणि पुढे बर्फ पडल्यावर अजून खाली येणार आहोत. वजनकाट्यावर मोजा. काटा नसेल तर पोह्याच्या चमच्याने सपाट सहा चमचे घाला आणि चाखा, चाखताना तोंड वाकडं व्हायला पाहिजे. सूप म्हणून आवडीने पिता येतंय तर मीठ कमी आहे, आणि इथे कमी पडलेलं मीठ नंतर बटरमध्ये कितीही टाका, कोळंबीच्या आत जात नाही.

आता मसाला. न्यू ऑर्लिन्सकडे क्रॅब बॉईलची तयार पोटली मिळते, त्यात मोहरी, धने, मिरची, तमालपत्र, शेपूचं बी आणि ऑलस्पाइस (लवंग-दालचिनीच्या वासाचं, मिरीसारखं दिसणारं वाळलेलं फळ) असतं. म्हणजे ऑलस्पाइस सोडला तर सगळं आपल्या वाण्याकडे आहे. तुर्भ्याच्या एपीएमसीतला मसाला मार्केट घाऊक आहे, चार घरांनी मिळून काढलं तर परवडतं, पण एका टोपासाठी तिकडे जायची गरज नाही.

४ लिटरला असं घ्या: धने २ मोठे चमचे, मोहरी २ मोठे चमचे, बाळंतशेपा १ मोठा चमचा, मिरी १ मोठा चमचा, अजमोद १ छोटा चमचा, लवंगा ८, दालचिनीचा बोटभर तुकडा, तमालपत्रं ३-४, ब्याडगी मिरच्या ६ आणि तिखट झेपत असेल तर लवंगी ४. मोहरी शक्यतो पिवळी, काळी चालते पण ती थोडी उग्र. लवंग आणि दालचिनी ऑलस्पाइसची जागा भरून काढतात. तिकडचं तमालपत्र आपल्यापेक्षा वेगळ्या झाडाचं, आपल्या तमालपत्राला दालचिनीच्या अंगाचा वास असतो म्हणून दालचिनीचा तुकडा मोठा टाकू नका. अजमोद मागितला की काही दुकानदार ओवा बांधून देतात, वास घेऊन बघा, ओवा आला तर वापरू नका, सगळ्या टोपाला ओव्याच्या पुऱ्यांचा वास मारतो. अजमोद नाहीच मिळाला तर सेलरीचे दोन दांडे चिरून टाका. माझी स्वतःची एक भर म्हणजे ५-६ तिरफळं, बी काढून. बांगड्याला चालतात तर कोळंबीला का नाही, जिभेवर हलकी झिणझिण येते आणि पाहुणे विचारतात यात काय आहे.

सगळं कोरड्या कढईत एक मिनिट गरम करा, खलबत्त्यात जाडसर ठेचा, मलमलच्या फडक्यात सैल बांधा आणि पाण्यात सोडा. मोकळं टाकलंत तरी चव तीच, फक्त नंतर कोळंबीच्या पाठीतल्या खाचेत धने अडकतात आणि दातांखाली येतात. पोटलीसोबत दोन कांदे चार फोडी करून आणि लसणाचे दोन गड्डे मधून आडवे कापून. लिंबू आत्ता नको, सालीसकट जास्त उकळलं की कडवटपणा येतो. झाकण ठेवून मंद उकळीवर २० मिनिटं. पाण्याला चहासारखा रंग आला आणि जिन्यापर्यंत वास गेला की पुढे.

आगरी-कोळी मसाला पाण्यात टाकू का, हे हटकून विचारतात. नका टाकू. पूड मसाला एवढ्या पाण्यात गढूळ होऊन बसतो आणि ते बॉईल राहत नाही, पातळ कालवण होतं, आणि कालवणच करायचं तर चिंच-नारळ लावून रीतसर करा की. बटरमध्ये त्याचा एक छोटा चमचा मात्र मस्त लागतो.

कुठलं काय कधी टाकायचं

आधी बटाटे, अर्धा किलो, बारीक बघून, सालासकट. १२ ते १५ मिनिटं, सुरी सहज शिरली पाहिजे. मग मका, तीन कणसं प्रत्येकी तीन-चार तुकडे, अमेरिकन स्वीट कॉर्न असेल तर ६-७ मिनिटं पुरतात, देशी पांढरा मका बटाट्यांसोबतच टाका नाहीतर दात दुखतील. मक्यासोबतच सॉसेज, २५० ग्रॅम, तिरके जाड तुकडे करून. तिकडे स्मोक केलेलं पोर्क सॉसेज घालतात, आपल्याकडे स्मोक्ड चिकन सॉसेज कुठल्याही फ्रीजरमध्ये मिळतं. गोव्याचं चोरीस टाकायचा मोह होतो, पण त्याचं व्हिनेगर आणि मसाला एवढा दांडगा असतो की बाकी सगळ्यांची चव तोच ठरवतो.

खेकडे घालणार असाल तर चिंबोऱ्या साफ करून, नांगे थोडे फोडून, मक्याच्याही आधी पाच मिनिटं टाका. तिसऱ्या किंवा शिनाणे असतील तर वेगळ्या भांड्यात वाफवून शेवटी मिसळा, त्यांची वाळू या पाण्यात नको.

आता गॅस पूर्ण मोठा. खळखळून उकळी आली की फ्रीजमधली कोळंबी एकदम सगळी आत सोडा आणि एकदा ढवळा. एक किलो गार कोळंबीने उकळी लगेच बसते, पाण्याचं तापमान ८०-८५ अंशांपर्यंत उतरतं, आणि ते चांगलंच आहे कारण कोळंबीला खळखळ उकळी नकोच असते. दोन मिनिटं थांबा, डोळा टोपातच ठेवा, फोन बाजूला. राखाडी रंग जाऊन पाठ गुलाबी-केशरी झाली, खाचेतून दिसणारं मांस काचेसारखं पारदर्शक न राहता दुधाळ पांढरं झालं, की गॅस बंद. एक उचलून मानेपाशी तोडून बघा, सगळ्यात जाड भाग तिथे असतो, तो पांढरा झाला म्हणजे झालीच. अंग हलकं वळलं तर बरोबर, गोल अंगठीसारखी आवळली तर वेळ टळून गेली.

भिजवणं

इथे बहुतेक जण टोप उतरवून थेट चाळणीत ओततात. थांबा. आत्ता कोळंबी शिजलीय पण चव आत गेलेली नाही. आणि तशीच गरम पाण्यात ठेवली तर शिजतच राहणार. म्हणून गॅस बंद केल्या केल्या दोन-तीन ट्रे बर्फ, अंदाजे पाऊण किलो, सरळ टोपात. लुईझियानात पण बर्फ किंवा गोठवलेला मका टाकून हेच करतात. पाणी साधारण ६० अंशांच्या आसपास येतं, शिजणं थांबल्यात जमा होतं आणि ती खारट मसालेदार पाण्यात निवांत पडून राहते. आता दोन लिंबं पिळा आणि सालंही आत टाका.

किती वेळ ठेवायची? १० ते १२ मिनिटं. पाच मिनिटांनी एक सोलून खा, आठव्या मिनिटाला अजून एक खा, फरक तुम्हालाच कळेल, मीठ कडेकडून आत सरकत गेलेलं असतं. पाहिजे तेवढी खारट झाली की चाळणीत काढा, मग मी १२ म्हटलं म्हणून १२ पर्यंत थांबू नका. पंधराच्या पुढे मात्र नाहीच, बटाटे खारट व्हायला लागतात. चाळणीत ओतायच्या आधी टोपातलं एक वाटी पाणी बाजूला काढून ठेवा, त्याचं काम आहे.

बटर

हे कोळंबी भिजत असतानाच करायचं, म्हणजे दोन्ही एका वेळी तयार होतं. एक किलो कोळंबीला १५० ग्रॅम बटर. नेहमीचं अमूलचं खारट बटर चालतं, पण मग सॉसमध्ये मिठाचा कणही टाकू नका, बाजूला काढलेलं पाणीही खारटच आहे.

जाड बुडाच्या कढईत ५० ग्रॅम बटर मंद आचेवर वितळवा, त्यात बारीक चिरलेला लसूण, गच्च भरलेली अर्धी वाटी. हो अर्धी वाटी, आणि चिरलेलाच, कारण पेस्ट पटकन बुडाला लागते आणि कच्चट वास राहतो. तीन-चार मिनिटं हलवत राहा, लसूण मऊ व्हायला हवा पण लाल होता कामा नये. आता गॅस बंद. बंद केल्यावरच मसाला टाका, नाहीतर मिरची पावडर सेकंदात करपते आणि करपलेलं बटर कशानेही सुधारत नाही. काश्मिरी मिरची पावडर ३ छोटे चमचे, झणझणीत पाहिजे तर त्यातली एक चमचा संकेश्वरी किंवा लवंगीची, ताजी कुटलेली मिरी १ चमचा, गूळ किंवा साखर १ चमचा आणि वर सांगितलेला आगरी मसाला वाटलं तर. अर्धा मिनिट त्या गरम बटरमध्ये राहू द्या, रंग लगेच सुटतो.

मग बाजूला ठेवलेल्या पाण्यातलं अर्धी वाटी ओता, पुन्हा मंद गॅस, एक उकळी येऊ द्या आणि उरलेलं १०० ग्रॅम बटर फ्रीजमधून काढून गार तुकडे एकेक टाकत चमच्याने भरभर फेटा. याने सॉस एकजीव आणि दाट होतो, सालावर चिकटून बसतो. नुसतं वितळवलेलं बटर ओतलं तर ते घसरून ताटाच्या तळाशी तळं करतं आणि निवल्यावर थिजतं. शेवटी अर्धं लिंबू. सॉस फुटला, तूप वेगळं दिसायला लागलं तर दोन चमचे पाणी टाकून परत फेटा, येतो जागेवर.

हॉटेलात हे प्लास्टिकच्या पिशवीत घालून हलवतात. घरी नको, एवढं गरम बटर आणि साधी पिशवी हे जमत नाही. टोप रिकामा आहेच, त्यातच निथळलेलं सगळं परत टाका, वरून सॉस, झाकण लावा, दोन्ही हातांनी फडक्याने धरून चार-पाच वेळा खालीवर करा आणि दोन मिनिटं तसंच राहू द्या. पाठीला चीर दिलेली असल्यामुळे बटर थेट मांसापर्यंत पोचतं.

लहान मुलं असतील तर मिरची पावडर टाकायच्या आधीच थोडं लसूण-बटर वेगळं काढा आणि त्यांची कोळंबी त्यात घोळवा. पाण्यातलं तिखट त्यांनाही झेपतं, फक्त लवंगी मिरची वगळा.

वरची चिमूट आणि वाढणं

ओल्ड बेच्या वळणाची पूड घरी करायची तर काश्मिरी मिरची २ मोठे चमचे, भाजून दळलेला अजमोद १ मोठा चमचा, मीठ १ मोठा चमचा, मिरी आणि मोहरीची पूड १-१ छोटा चमचा, सुंठ अर्धा, आणि लवंग, जायफळ, वेलदोडा फक्त चिमटीने. बरणीत महिनाभर छान राहते. बॉईलवर अगदी थोडी भुरभुरा, बाकीची फ्रेंच फ्राइजवर, उकडलेल्या अंड्यावर, काकडीवर, कशावरही. टोपात उकडलेली अंडी सोलून बटरमध्ये घोळवायची पद्धत पण आहे, आणि आमच्या घरी कोळंबीच्या आधी अंडीच संपतात.

तिकडे टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर ओततात. आपण ते करू नये, शाईवाल्या कागदावर खाणं ठेवू नका असं सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, एफएसएसएआयने, २०१६ मध्येच सांगितलंय आणि बटर तर शाई पटकन ओढतं. केळीची पानं आणा, चार पानं टेबलभर पसरली की प्रश्न मिटला. सोबत पाव हवेतच, खाली सांडलेलं बटर पुसायला. भात, भाकरी काही लागत नाही. पहिल्यांदाच कोणाला बोलवत असाल तर शिंपल्या-कोळंबीची ॲलर्जी आहे का ते आदल्या दिवशीच विचारा, कारण इथे एकाच पाण्यात सगळं शिजतं, मी नुसता बटाटा खातो म्हणून भागत नाही. आणि वार बघा, चतुर्थी बघा, नाहीतर टोप उकळायला लागल्यावर अर्ध्या पाहुण्यांना उपास आठवतो. श्रावणाच्या आधीचा शेवटचा रविवार असेल तर कोळंबीची ऑर्डर मावशींकडे आधीच देऊन ठेवा.

आठ जणांसाठी करायचं असेल तर सगळं दुप्पट करून एका टोपात कोंबू नका, घरच्या शेगडीला तेवढं पाणी उकळायला जन्म जातो. बटाटा-मका-सॉसेज एकदम करा, कोळंबी मात्र दोन हप्त्यांत, आणि दुसऱ्या हप्त्याआधी पाण्यात एक मोठा चमचा मीठ वाढवा कारण पहिल्या वेळच्या बर्फाने ते पातळ झालेलं असतं.

उरलं तर, उरत नाही, पण उरलं तर दोन तासांच्या आत सोलून डब्यात घालून फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी परत उकळू नका, गरम भातावर बटरसकट घाला आणि झाकून ठेवा, तेवढ्या वाफेवर गरम होते. टोपातलं उरलेलं पाणी ओतून द्या, कालवणाला वापरायचा मोह होईल पण ते फार खारट असतं, फार तर भात शिजवताना पाव वाटी घाला. आणि सालं-डोकी डब्यात तशीच ठेवलीत तर सकाळी घंटागाडी येईपर्यंत घरात थांबवणार नाही, म्हणून ती कागदात गुंडाळून डीप फ्रीजरमध्ये टाका आणि सकाळी ओल्या कचऱ्यात द्या.